फासांची रांग

दिवाळीच्या अंकात या सदराने फराळाविषयी लिहावे, निदान फटाक्यांविषयी तरी लिहावे, अशी वाचकांची अपेक्षा असते आणि ती रास्तच आहे. चकलीचा काटा आणि मराठी माणसाचा स्वभाव यांचा संबंध लावून झाला, अनारशाची जाळी आणि संसार यांवरही चार पाने खर्ची पडली. पण यंदा विषय जरा आडवाटेचा घेतो आहे. विषय शिकारीचा आहे. तीही बंदुकीची नव्हे, फासांची. शाकाहारी वाचकांनी पान उलटू नये. या लेखात कोणी काही शिजवत नाही.

सुरुवात फार लांबून करतो. आपल्याकडे आकाशकंदील लागतात त्याच सुमाराला, म्हणजे ऑक्टोबरच्या अखेरीस, पृथ्वीच्या उत्तर टोकाजवळच्या एका बेटसमूहावर सूर्य मावळतो आणि तो फेब्रुवारीचा मध्य येईपर्यंत पुन्हा क्षितिजावर येत नाही. या बेटांचे नाव स्वालबार्ड. नावाचा अर्थच मुळी 'थंड किनारा'. ही बेटे नॉर्वेची आहेत. 1920 सालच्या ज्या कराराने त्यांवरचा नॉर्वेचा हक्क मान्य झाला, त्या करारात हिंदुस्थानचेही नाव होते, ही गोष्ट आपल्यापैकी फारच थोड्यांना ठाऊक असेल. पुढे 2008 साली भारताने तेथे 'हिमाद्री' नावाचे संशोधन केंद्र उघडले आणि 2023 च्या डिसेंबरपासून आपले शास्त्रज्ञ त्या अंधाऱ्या हिवाळ्यातही तेथे जाऊन राहू लागले.

पण शास्त्रज्ञांच्या किती तरी आधीपासून तेथे हिवाळा काढणारी माणसे होती. ती सापळेवाली माणसे. उन्हाळ्याच्या शेवटी बोट त्यांना किनाऱ्यावर उतरवून देई आणि पुढच्या उन्हाळ्यात न्यायला येई. मधल्या काळात माणूस एकटा, फार तर जोडीला एखादा सोबती. एक मुख्य झोपडी, आणि किनाऱ्याच्या कडेकडेने दिवसभराच्या चालीच्या अंतरावर लहान लहान झोपड्या. या झोपड्यांच्या मधल्या वाटेवर सापळ्यांची रांग मांडलेली. सापळा अगदी साधा असे. लाकडाची एक चौकट, तिच्यावर दगडांचे ओझे, खाली काड्यांचा नाजूक टेकू आणि टेकूला बांधलेले आमिष. पांढरा ध्रुवीय कोल्हा आमिषाला तोंड लावतो, टेकू निसटतो, चौकट खाली येते. कोल्हा जागच्या जागी मरतो आणि कातडीला भोक पडत नाही. भोक पडले तर बाजारात किंमत पडते, म्हणून एवढी काळजी. आमिष म्हणून बहुधा तेथल्याच एका पक्ष्याचे मुंडके लावीत, आणि हा पक्षी म्हणजे आपल्या तितराचा चुलतभाऊच.

या एकांतवासाचे विक्रमही आहेत. हिल्मार नोइस नावाच्या शिकाऱ्याने तेथे 38 हिवाळे काढले. वानी वोल्डस्टाड ही बाई मूळची ट्रोम्सो शहरात टॅक्सी चालवणारी. 1932 साली ती सापळे मांडायला स्वालबार्डला गेली आणि तेथली पहिली स्त्री-शिकारी म्हणून नाव मिळवून बसली. ऑस्ट्रियाची क्रिस्टियाने रिटर 1934 साली आपल्या शिकारी नवऱ्यापाशी वर्षभर राहायला गेली. तिने पुढे लिहिलेले पुस्तक आजही आवडीने वाचले जाते. तेथे आजही मोजके लोक सापळे मांडून हिवाळा काढतात. फरक एवढाच, की आता मोसम ठरलेला आहे, नियम कडक आहेत आणि 1973 पासून पांढऱ्या अस्वलाला हात लावायची सोय राहिलेली नाही.

आता तुम्ही म्हणाल, हे सारे ठीक. पण जालना जिल्ह्यातल्या मराठीच्या मास्तराला या कोल्ह्यांशी काय कर्तव्य? सांगतो.

माझे गाव हसनाबाद. भोकरदन तालुक्यात, गिरजा नदीच्या काठी. समुद्र येथून इतका दूर, की आमच्याकडे 'किनारा' हा शब्द नदीलाही जरा मोठाच वाटतो. आम्ही 'काठ' म्हणतो. बर्फ आम्ही पाहिला तो गोळेवाल्याच्या गाडीवर. मात्र थंडी आमच्याकडेही पडते. पौषात शाळू हुरड्यावर आला, की पहाटे माळरानावर असा काही गारठा असतो, की शेकोटीपासून उठायला माणूस दहा कारणे शोधतो. नेमक्या याच दिवसांत, माझ्या लहानपणी, आमच्या शिवाराच्या कडेला एखादे पाल पडत असे. ते फासेपारध्यांचे असे.

फासेपारधी हे नावच त्यांच्या हत्यारावरून पडलेले. वाचकांपैकी बहुतेकांनी हा शब्द वर्तमानपत्रात, आणि तोही चोरी-दरोड्याच्या बातमीत वाचलेला असेल. ज्यावरून हे नाव आले तो फास पाहिलेला माणूस आता विरळाच. मी पाहिला आहे. बांबूच्या बारीक खुंट्या, त्या एका लांब दोरीने एकमेकींना जोडलेल्या, आणि प्रत्येक खुंटीला घोड्याच्या केसाचा किंवा तातीचा एक सरकफास. तितर-लाव्ह्यांची धावपळ ज्या वाटेने होते, त्या वाटेवर या खुंट्या आडव्या रोवून द्यायच्या. मग लांबून वळसा घालून पक्ष्यांना हळूहळू त्या दिशेने चालते करायचे. 'हळूहळू' या शब्दातच सगळी कला आहे. घाई केली तर पक्षी उडतो, आणि उडालेल्या पक्ष्याला फास काय करणार! म्हणून पारधी शिकवलेल्या बैलाच्या आडोशाने चाले. चरत चरत येणाऱ्या बैलाची पक्ष्यांना भीती नसते. कधी पिंजऱ्यातला पाळीव तितर बोलावून घ्यायचे काम करी, तर कधी पारध्याचा स्वतःचा गळाच तितर होई. हरणासाठी फास जाड तातीचे, खुंट्या दणकट, एवढाच काय तो फरक.

स्वालबार्डच्या शिकाऱ्याची वाट मैलोगणती लांब आणि आमच्या पारध्याची दोरी पन्नास-साठ पावलांची. पण विद्या एकच. जनावर कोठून येते, कोठे थबकते, कशाला भुलते आणि कशाला बिचकते, हे त्या जनावरापेक्षाही अधिक ठाऊक असावे लागते. बंदूकवाल्याला जनावर दिसले, की झाले. फासवाल्याला ते दिसण्याआधी कळावे लागते.

आमच्या शेतात उतरलेला एक म्हातारा मला चांगला आठवतो. फास मांडून झाले, की तो आजोबांना बजावून सांगे, "मालक, लेकरू तिकडं जाऊ देऊ नका, पाय अडकंल." त्याच्याच तोंडून मी ऐकले, की पोटुशी हरणी फासात आली तर सोडून द्यायची असते, नाही तर पुढल्या साली माळ रिकामा. त्या काळीही ही शिकार कायद्याने बंदच होती, कारण वन्यजीव संरक्षणाचा कायदा 1972 सालचा. पण कायदा हसनाबादेत पोचायला वेळ लागतो, आणि शेतकऱ्याला त्याची फार घाईही नव्हती. हरणांनी हरभरा खाल्ला की पारधी हवासा वाटे; शेजारच्या गावात चोरी झाली की तोच पारधी नकोसा होई.

मी मराठी शिकवतो, त्यामुळे माझ्या वाट्याला हा विषय पुन्हा आला तो शेतातून नव्हे, ज्ञानेश्वरीतून. सहाव्या अध्यायात शुकनळिकेचा दृष्टान्त आहे. पोपट पकडण्यासाठी दोरीत एक नळी ओवून टांगलेली असते. पोपट तिच्यावर बसतो. त्याच्याच भाराने नळी फिरते आणि तो उलटा लटकतो. पाय सोडले तर तो सुखाने उडून जाईल. पण आपण अडकलो अशा समजुतीने तो नळी अधिकच घट्ट धरतो आणि मोकळा असूनही सापडतो. माणूस स्वतःच स्वतःचा वैरी कसा होतो, हे सांगायला ज्ञानदेवांनी हे चित्र योजले आहे. वर्गात मी ते फळ्यावर काढून दाखवतो. माझी चित्रकला पाहून पोपटाला वाईट वाटेल. पण मुलांना मुद्दा कळतो.

काही वर्षांपूर्वी तास संपल्यावर मागच्या बाकावरचा एक मुलगा माझ्याजवळ आला. एरवी तोंडही न उघडणारा. म्हणाला, "सर, नळी गुळगुळीत पाहिजे, आन् दोरी ढिली नको. माझा आजा सांगायचा." मग त्याने पाच मिनिटे मला नळीचा, दोरीचा आणि पोपटाच्या पंजाचा असा काही हिशेब समजावला, की मी ऐकतच राहिलो. सातशे वर्षांपूर्वीचा एक दृष्टान्त, आणि त्यामागची कारागिरी हातात असलेले घराणे माझ्या वर्गात मागच्या बाकावर बसलेले! आमच्या टीकाग्रंथांत 'नळी' या शब्दाच्या अर्थावर मजकूर सापडेल; ती गुळगुळीत असावी हे मात्र त्या मुलाकडूनच कळायचे.

हा मुलगा फासेपारधी होता, आणि त्याला एक दाखला हवा होता.

महाराष्ट्रात पारध्यांची गणना अनुसूचित जमातींत होते. म्हणजे सवलती आहेत, शिष्यवृत्ती आहे, वसतिगृह आहे. पण त्यासाठी जमातीचा दाखला लागतो, आणि दाखल्यासाठी 6 सप्टेंबर 1950 या तारखेच्या वेळी आपले घराणे कोठे राहत होते, याचा पुरावा मागितला जातो. आजोबांचा शाळेचा दाखला, जमिनीचा उतारा, काहीही चालते. त्या मुलाचा आजा शाळेत गेला नव्हता. जमीन नव्हती. घर पालाचे, आणि पाल तर दर पंधरवड्याला उठायचे. शिवाय 1950 साली आमचा हा मुलूख हैदराबाद संस्थानातून नुकताच बाहेर पडलेला. 1956 साली तो मुंबई राज्यात आला, 1960 मध्ये महाराष्ट्रात, आणि जालना जिल्हा तर 1981 साली जन्मला. मुलाबरोबर मी स्वतः एका कार्यालयात गेलो. समोरच्या गृहस्थांनी सभ्यपणे विचारले, "पण यांचं मूळ गाव कोणतं?" मुलगा म्हणाला, "जिथं तितर, तिथं गाव." गृहस्थांना ते उत्तर कोणत्या रकान्यात भरावे ते समजेना. त्यांचाही दोष नव्हता. तसला रकानाच छापलेला नव्हता.

त्या दिवशी परतताना मला स्वालबार्डच्या झोपड्या आठवल्या. नॉर्वेच्या सापळेवाल्यांविषयी एक गोष्ट वर सांगायची राहिली आहे. 1931 साली पूर्व ग्रीनलंडच्या किनाऱ्यावर हालवार्ड डेवोल्ड आणि त्याचे चार सोबती यांनी नॉर्वेचे निशाण रोवले आणि तो भाग आपल्या देशाचा म्हणून जाहीर केला. आधी हा त्यांचा आपखुशीचा उद्योग. पण थोड्याच दिवसांत नॉर्वेच्या सरकारने तो आपला म्हणून उचलून धरला. डेन्मार्कने तक्रार केली. प्रकरण हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेले आणि 1933 साली निकाल डेन्मार्कच्या बाजूने लागला. खटला नॉर्वे हरला. पण आपल्या ध्यानात घ्यायची बाब वेगळीच आहे. आमचे शिकारी येथे हिंडतात, हिवाळे काढतात, म्हणून या भूमीशी आमचे नाते आहे, असे एक राष्ट्र उभ्या जगासमोर सांगत होते. सापळेवाल्याचे हिंडणे हा तेथे हक्काचा पुरावा होता.

आणि आपल्याकडे? 12 ऑक्टोबर 1871 रोजी इंग्रज सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला. आरंभी तो उत्तर हिंदुस्थानापुरता होता. 1911 मध्ये सगळ्या ब्रिटिश मुलखाला लावण्याची सोय झाली. या कायद्याची खुबी अशी, की त्याखाली माणसाने काही करण्याची आवश्यकता नव्हती. जन्माला येणे पुरेसे होते. जमातीचे नाव यादीत चढले, की हजेरी लागू. गावाबाहेर जायचे तर परवाना. 1897 च्या दुरुस्तीने मुलांना आईबापांपासून वेगळे ठेवण्याचीही मुभा मिळाली. सोलापूरला तारेच्या कुंपणाआड या लोकांची 'सेटलमेंट' होती. कुंपण गेले तरी शहराच्या बोलण्यात तो शब्द राहून गेला. ज्यांचा धंदाच हिंडण्याचा, त्यांचे हिंडणे हाच गुन्हा ठरला. तेथे जो हक्काचा पुरावा, तोच येथे गुन्ह्याचा.

असे का व्हावे? मी पुष्कळ विचार केला. थंड किनाऱ्यावरच्या कोल्ह्याची कातडी युरोपातल्या श्रीमंत बायकांच्या गळ्यात जाई. तिच्यावर व्यापारी जगत, जकात मिळे. आमच्या पारध्याचा तितर बाजाराच्या दिवशी चार आण्यांना विकला जाई आणि रात्री कोणाच्या तरी कालवणात संपे. त्यात सरकारला काय मिळणार? शिवाय ओसाड किनाऱ्यावर हिंडणाऱ्याचा शेजाऱ्यांना ताप नसतो, कारण शेजारी नसतात. आमचा पारधी दुसऱ्याच्या बांधावरून चालत होता. इंग्रजाला सारा भरणारा, एका जागी बसलेला शेतकरी समजे; चालता माणूस त्याच्या हिशेबात बसेना. जो हिशेबात बसत नाही त्याला यादीत बसवायचे, ही राज्यकारभाराची जुनी रीत आहे.

याला अपवादही झाले, आणि ते विसरता कामा नयेत. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी फासेपारध्यांना सोनतळीला आणून कामाला लावले, आणि 1918 साली आपल्या राज्यात हजेरीची पद्धत बंद केली. राजाने विश्वास टाकला तर माणसे कशी वागतात, याचा तो प्रयोग होता. देश स्वतंत्र झाल्यावर 31 ऑगस्ट 1952 रोजी तो काळा कायदा रद्द झाला. विमुक्तांच्या वस्त्यांत आजही 31 ऑगस्टला 'विमुक्त दिन' पाळतात. आपल्याहून पाच वर्षे उशिरा स्वतंत्र झालेले हे आपलेच भाऊबंद.

त्याच 1952 साली सरकारने भारतातला चित्ता नामशेष झाल्याचे जाहीर केले. हा योगायोग मला नेहमी अस्वस्थ करतो. पारध्यांचीच एक शाखा चित्ते पकडून, शिकवून राजेरजवाड्यांच्या शिकारीसाठी तयार करी. चित्ता गेला, राजे गेले, मग 1972 च्या कायद्याने उरलीसुरली शिकारही गेली. तो कायदा योग्यच होता, याविषयी माझ्या मनात शंका नाही. तितराला जगायचा हक्क आहे, हरणाला आहे. फासातल्या हरणीचे डोळे ज्याने पाहिले आहेत तो याच्याशी वाद घालणार नाही. फासाची कला मोठी म्हणून फास गोड होत नाही. पण पक्ष्याला सोडवताना फास मांडणाऱ्या हाताला दुसरे काय काम द्यायचे, हा प्रश्न त्या वेळी कोणी विचारला नाही. जनावराला अभयारण्य मिळाले. माणसाला पोलीस ठाणे.

आता तो प्रश्न कोठे कोठे विचारला जातो आहे, हेही सांगायला हवे. गिरीश प्रभुणे यांनी तुळजापूर तालुक्यात यमगरवाडीला पारध्यांच्या आणि इतर भटक्यांच्या मुलांसाठी जे काम उभे केले, त्याचा 2021 मध्ये पद्मश्रीने गौरव झाला. अमरावती जिल्ह्यात मतीन भोसले या पारधी तरुणाने आपल्या समाजाच्या मुलांसाठी शाळा काढली आणि तिचे नाव ठेवले 'प्रश्नचिन्ह'. नाव ऐकून मराठीच्या प्राध्यापकाने टोपी काढावी, असे आहे. अकोला-वाशीमच्या माळांवर 'संवेदना' नावाची संस्था आणि तेथले फासेपारधी मिळून तणमोर राखतात. तणमोर हा अतिशय दुर्मीळ झालेला पक्षी. पावसाळ्यात नर गवताच्या वर उंच उड्या मारतो तेवढाच काय तो दिसतो. एरवी तो हाताच्या अंतरावर असला तरी तुम्हा-आम्हाला दिसायचा नाही. त्याचे घरटे कोणत्या गवतात असेल, हे ओळखायला दुर्बीण पुरत नाही. त्याला पिढ्यान्‌पिढ्या फास मांडलेली नजर लागते. जी विद्या पक्ष्याच्या जिवावर उठली होती, तीच आता त्याच्या राखणीला बसली आहे. विद्या तीच, तिला काम निराळे मिळाले.

त्या मुलाचे काय झाले, असे तुम्ही विचाराल. दाखला मिळाला. आजाच्या एका भावाचे नाव कोणत्या तरी जुन्या कागदात निघाले, म्हणून मिळाला. विशेष म्हणजे तो कागद शाळेचा नव्हता आणि जमिनीचाही नव्हता. तो पोलिसांच्या हजेरीच्या नोंदीचा होता. ज्या यादीने आजाला गुन्हेगार केले, तिनेच नातवाला विद्यार्थी केले. मुलगा कागद हातात घेऊन हसला. मला मात्र हसू आले नाही. तो सध्या वनरक्षकाच्या परीक्षेची तयारी करतो. जंगलात कोठे फास लागला आहे हे ओळखणारा याहून चांगला माणूस वनखात्याला मिळेल, असे मला वाटत नाही.

वाचकहो, सुटीत देवदर्शनाला म्हणून पुष्कळ मंडळी आमच्या भागात येतात. राजूरच्या गणपतीला जाताना भोकरदनच्या रस्त्याने माळावर एखादे पाल दिसले, तर मोटारीच्या काचा वर करू नका. तेथल्या पोरांच्या हातावर फराळाचा पुडा जरूर ठेवा. पण पोरे कोणत्या शाळेत जातात, तेही विचारा. आणि त्यांचे मूळ गाव कोणते, एवढे मात्र विचारू नका.